सहा शनिवार : कारखान्यातील पुरुष अधिकाऱ्यांसाठीच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

चाकण औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी गेली चौदा वर्षे उत्पादन विभागात काम करत आहे. गेल्या वर्षी पावसाळा संपताना आमच्या व्यवस्थापनाने विभागप्रमुख आणि सुपरवायझर अशा अठरा पुरुषांसाठी सहा सत्रांची एक कार्यशाळा घेतली. परिपत्रकात तिचा विषय ‘निकोप पुरुषत्व आणि माणुसकीचे नेतृत्व’ असा लिहिला होता. आजूबाजूच्या कारखान्यांतूनही आता अशा प्रशिक्षणांची चौकशी होऊ लागली आहे आणि मनुष्यबळ विभागातील दोन-तीन परिचितांनी मला ‘पैसे सार्थकी लागतात का’ असे थेट विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. खोलीत कोणी काय सांगितले ते नावानिशी बाहेर जाणार नाही, ही अट आम्ही सर्वांनी पहिल्याच दिवशी मान्य केली होती. त्यामुळे कंपनीचे आणि प्रशिक्षण संस्थेचे नाव मी देत नाही, आणि ज्यांचे बोलणे पुढे आले आहे त्यांना आधी विचारलेले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ही कार्यशाळा घेण्यासारखी आहे. जिथे ती आमच्या रोजच्या कामाला भिडली तिथे तिने डोळ्यांना दिसेल असा बदल घडवला, जिथे ती उपदेशाकडे वळली तिथे माणसे मिटून बसली, आणि दोन-तीन मोठ्या प्रश्नांना तिने हातच घातला नाही. तरीही चौदा वर्षांत पाहिलेल्या सगळ्या प्रशिक्षणांत, माणसे पुढचे कित्येक दिवस चहाच्या वेळी आपसांत ज्याबद्दल बोलत राहिली असे हे एकच प्रशिक्षण मला आठवते.

व्यवस्था अशी होती. दर पंधरा दिवसांनी शनिवारी, पहिली पाळी साडेतीनला सुटल्यानंतर चार ते सात या वेळेत, कॅन्टीनच्या वरच्या प्रशिक्षण खोलीत सत्र होत असे. प्रशिक्षक दोघे होते. बाईंनी अनेक वर्षे स्त्रियांच्या संघटनेत समुपदेशनाचे काम केले होते, आणि त्यांच्या सोबतचे गृहस्थ पूर्वी एका कारखान्यात कामगार अधिकारी होते. ही जोडी फार मोलाची ठरली. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढला की उत्पादनप्रमुखाच्या पोटात कसा गोळा येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ‘ओरडू नका’ म्हटले तर ते ऐकून घेतले जाते. बाहेरून आलेल्या माणसाने तेच म्हटले तर त्याला काय कळतंय, असे म्हणून सोडून दिले जाते.

पहिले सत्र फसले, हे स्पष्टच लिहायला हवे. पडद्यावर दाखवलेला मजकूर आणि हातात दिलेली टिपणे उघडच इंग्रजीवरून उतरवलेली होती आणि त्यांत पानोपानी ‘विषारी पुरुषत्व’ हा शब्द होता. इंग्रजीत त्या शब्दाचा रोख एका वृत्तीवर असेल, पण मराठीत ‘विषारी’ म्हटले की डोळ्यांसमोर साप किंवा गॅस येतो, आणि समोर बसलेल्या माणसाला तो स्वतःवरचा आरोप वाटतो. मध्यंतरात टूलरूमचे एक सहकारी म्हणाले, “आधी आम्हाला विषारी ठरवलं आणि मग उपचाराला बोलावलं.” त्यांचा राग मला रास्त वाटला. उदाहरणेही ईमेल, बैठका आणि सादरीकरणे यांची होती. आमच्या अठरांपैकी अकरा जणांचा दिवस प्रेस, वेल्डिंग आणि असेंब्ली लाइनवर उभ्याने जातो. त्यांना बैठकीत स्त्री सहकाऱ्याचे वाक्य मध्येच तोडू नये हे सांगणे चुकीचे नव्हते, पण ते त्यांच्या दिवसात कुठे बसतच नव्हते.

दुसऱ्या सत्रात मात्र खोलीचा रंग पालटला, कारण प्रशिक्षकांनी टिपणे बाजूला ठेवली आणि फळ्यावर मराठीतले शब्द लिहायला सांगितले: बाईमाणसाला लावायचे, पुरुषाला लावायचे, आणि पुरुषाला खाली पाडण्यासाठी वापरायचे. तिसरा रकाना पाच मिनिटांत भरला. बायल्या, बाईलवेडा, मुळूमुळू रडणारा, हातात बांगड्या भरलेला. पुरुषाचा अपमान करायचा तर त्याला बाई म्हणायचे, हे त्या यादीत इतके उघडे पडले होते की त्यावर वेगळे भाषण करण्याची कोणाला गरज वाटली नाही. मग बाईंनी फळ्याच्या मधोमध एकच शब्द लिहिला: कर्ता.

हा शब्द निवडणे ही या कार्यशाळेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडे ‘घरातला कर्ता पुरुष’ म्हटले की त्यात काय काय येते ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तो मिळवतो, ठरवतो, शेवटी जेवतो किंवा पहिला जेवतो, पण खचत नाही. कर्ता माणूस गेला की घर उघडे पडले म्हणतात. तो जिवंत असताना त्याचे काय होते याबद्दल मात्र भाषेत फारसे काही सापडत नाही. घरातली ही कल्पना आपण गेटवर कार्ड पंच करून तशीच आत आणतो. लाइनचा सुपरवायझर हा त्या लाइनचा कर्ता असतो, त्याला सगळे ठाऊक असले पाहिजे, त्याने कोणाला विचारायचे नसते, दमलो म्हणायचे नसते, आणि हाताखालच्याने केलेला प्रश्न हा त्याच्या कर्तेपणाला दिलेला धक्का असतो. व्याकरणात कर्ता म्हणजे क्रिया करणारा, एवढाच अर्थ आहे. ठरवण्याचा, दटावण्याचा आणि न रडण्याचा अर्थ आपण त्याला चिकटवला, हे बाईंनी सावकाश आणि कोणालाही न दुखावता उलगडून दाखवले.

त्यानंतर जे घडले ते कार्यशाळेच्या आराखड्यात नव्हते. आमच्या प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागाचे, प्रमुख पन्नाशी ओलांडलेले, अत्यंत कुशल आणि तितकेच कडक गृहस्थ आहेत. ते म्हणाले की त्यांचे वडील वारले तेव्हा ते चौथ्या दिवशी कामावर आले होते, कारण महिनाअखेरीचा माल जायचा होता आणि तेव्हाचे त्यांचे साहेब फोनवर म्हणाले होते, “दहाव्याला जा की परत, अजून वेळ आहे.” गावी भावांनी सगळे आवरले. हे सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. मग ते थांबले आणि म्हणाले की गेल्या वर्षी एका ऑपरेटरची मुलगी डेंग्यूने दवाखान्यात होती, त्याने तीन दिवस मागितले आणि त्यांनी एक दिला. “तेव्हा माझ्या मनात हेच होतं की मी तर बापाच्या चौथ्या दिवशी उभा होतो.” खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसला, नुसता चष्माच पुसत राहिले.

सासुरवास म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. सासूने सोसले म्हणून ती सुनेला सोसायला लावते आणि त्याला वळण लावणे म्हणते. कारखान्यातल्या पुरुषांमध्येही अगदी हाच सासुरवास चालतो हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसले. शिकाऊ म्हणून आम्हाला यंत्राची जुळणी करणाऱ्या सेटरने पाना फेकून मारला होता, म्हणून आम्ही शिकाऊ मुलांना निदान शब्द फेकून मारतो. आम्ही सलग दोन पाळ्या केल्या, म्हणून दुसरी पाळी नाकारणारा मुलगा आम्हाला कामचुकार वाटतो. यात दुष्टपणा क्वचितच असतो. आपले सोसणे वाया गेले नाही, त्याला काही अर्थ होता, हे स्वतःला पटवण्याची ती धडपड असते, आणि तिची किंमत पुढचा माणूस मोजतो.

बांगड्यांची गोष्ट तिसऱ्या सत्रातली. प्रत्येकाने पंधरा दिवस एका लहान वहीत, माल नापास झाला किंवा लाइन थांबली त्या क्षणी आपल्या तोंडून निघालेले वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवायचे होते. वह्यांमध्ये ‘बांगड्या भरल्यात का हातात’ हे वाक्य इतक्या वेळा आले की प्रशिक्षकांनी या सत्राला गुणवत्ता विभागातल्या दोन महिला अभियंत्यांना, त्यांची तयारी आहे का हे आधी विचारून, बोलावले. त्यांतल्या एकीने सांगितले की सुरक्षेच्या नियमाप्रमाणे यंत्रांच्या भागात दागिने चालत नाहीत, म्हणून त्या रोज सकाळी दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून लॉकरमधल्या स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवतात आणि सुटताना पुन्हा घालतात. “तुम्ही ते वाक्य बोललात की माझं लक्ष माझ्या मनगटाकडे जातं,” एवढेच त्या म्हणाल्या. वेल्डिंगचे सुपरवायझर खाली बघत होते. ते वाक्य आमच्या लाइनवर आता अजिबात ऐकू येत नाही असे मी म्हणणार नाही, पण ते उच्चारल्यावर बोलणारा स्वतःच अडखळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याच सत्रात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची उजळणी झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला हवी, निम्म्या सदस्य तरी महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा, तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची, हे बहुतेकांनी भिंतीवरच्या फलकावर वाचलेले होते. प्रशिक्षकांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, की कायद्याने सक्तीचे असलेले प्रशिक्षण वेगळे आणि हे वेगळे. एकाच्या नावावर दुसरे उरकू नये. हा प्रामाणिकपणा मी मुद्दाम नोंदवतो, कारण ‘एका दिवसात दोन्ही करून देतो’ असे सांगणारी जाहिरातपत्रके आमच्या मनुष्यबळ विभागाकडे नेहमी येतात.

आता चौथ्या सत्राकडे येतो. माझ्या दृष्टीने सगळ्या कार्यशाळेचे मोल त्या तीन तासांत आहे. विषय होता चूक कबूल करण्याचा.

प्रशिक्षकांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या फलाटांचे उदाहरण घेतले. रॉबिन एली आणि डेब्रा मेयरसन या दोन अभ्यासक महिलांनी तिथे राहून केलेल्या निरीक्षणांवरचा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. भर समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, जवळजवळ सगळे पुरुष, काम अत्यंत धोक्याचे, आणि पूर्वापार रीत अशी की जो सर्वांत दणकट, सर्वांत मोठ्या आवाजाचा तो पुढारी. कंपनीने सुरक्षिततेला प्राधान्य दिल्यानंतर त्याच माणसांनी हळूहळू ‘मला हे येत नाही’, ‘माझ्याकडून चुकलं’, ‘आज माझं लक्ष लागत नाही, घरी अडचण आहे’ असे मोकळेपणाने म्हणायला सुरुवात केली. या बदलांच्या पंधरा वर्षांच्या काळात त्या कंपनीतले अपघातांचे प्रमाण ८४ टक्क्यांनी उतरले आणि उत्पादनही वाढले. एवढ्या दीर्घ काळात कंपनीत इतरही पुष्कळ बदल होतात आणि सगळे श्रेय मोकळ्या बोलण्याला देता येणार नाही, हे आमच्या देखभाल प्रमुखांनी तिथेच म्हटले, आणि प्रशिक्षकांनी ते मान्य केले. मला त्या उदाहरणात आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ती माणसे मवाळ झाली नव्हती, धोक्याचे कामच करत होती. फक्त आपण दणकट आहोत हे सिद्ध करण्यात जाणारी शक्ती त्यांनी कामाला लावली होती.

त्याला जोडून अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या १९९० च्या दशकातल्या रुग्णालयांतील अभ्यासाची माहिती दिली गेली. औषधे देताना होणाऱ्या चुकांची नोंद पाहिली तेव्हा जिथे परिचारिकांचा गट एकोप्याने आणि चांगल्या नेतृत्वाखाली काम करत होता तिथे चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. उलगडा असा झाला की त्या गटांत चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या सांगायला कोणी घाबरत नव्हते. कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही हे ऐकताच आपले ‘नियर मिस’ रजिस्टर आठवेल. थोडक्यात टळलेला अपघात लिहून ठेवण्याचे हे रजिस्टर प्रत्येक शॉपमध्ये साखळीने बांधून ठेवलेले असते, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यात एखादी निरुपद्रवी नोंद भरली जाते. आमच्याकडेही तसेच होते. कोरे रजिस्टर हे सुरक्षित शॉपचे लक्षण समजले जात होते.

पुढच्या सोमवारी सकाळी सातच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, पाळी सुरू होण्याआधीच्या त्या पाच मिनिटांत, सुपरवायझरने आधी स्वतःची एक चूक सांगायची, असे घरचे काम मिळाले होते. मी सांगितले की मागच्या महिन्यात जुन्या रिव्हिजनचे, म्हणजे बदल होण्यापूर्वीचे, ड्रॉइंग मी स्वतः लाइनवर दिले होते, दोन बिन माल रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, गेला आणि त्याचा ठपका मी सेटिंगवर ढकलला होता. हे बोलताना माझे तळहात घामाने ओले झाले होते. ज्या सेटरवर तो ठपका गेला होता तो समोरच उभा होता. त्याने मान डोलावली आणि हातमोजे चढवले, बाकी काही नाही. तीन दिवसांनी मात्र प्रेस शॉपमध्ये एका ऑपरेटरने सगळ्यांसमोर सांगितले की रात्रपाळीत पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, अडकला तेव्हा तो यंत्र बंद न करता पक्कडीने काढायला गेला होता. जुन्या प्रेसवर दोन हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक बटण लाकडी खुंटी अडकवून दाबलेलेच ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा राहतो आणि तासाचा आकडा गाठता येतो, हेही त्याने सांगितले. दोन बटणे कशासाठी असतात हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर हे ऐकून काटा येईल: रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा यंत्राचा भाग, खाली येताना दोन्ही हात डायच्या बाहेर असावेत, एवढ्यासाठीच ती असतात. मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात बोटे जातात ती बहुतेक याच ठिकाणी.

वडिलांच्या चौथ्या दिवशी कामावर आलेल्या त्या प्रेस शॉप प्रमुखांनी यावर काय केले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. महिन्याभरापूर्वी त्यांनी त्या मुलाला मेमो दिला असता. त्यांनी त्याला विचारले, “खुंटी कुठे ठेवता?” त्याने यंत्रामागच्या कोनाड्यातून काढून दिली. लाकूड हाताच्या घामाने आणि तेलाने काळे, गुळगुळीत झाले होते. ती एका माणसाची आणि एका महिन्याची नव्हती. त्यांनी ती खिशात टाकली, तासाचा आकडा कोणी ठरवला होता ते रजिस्टरमध्ये शोधले, आणि तो त्यांनीच ठरवलेला होता. त्या आठवड्यात आकडा कमी झाला आणि महिन्याच्या आत त्या तीन जुन्या प्रेसची नियंत्रणे बदलली गेली, जी मागणी देखभाल विभागाकडे आधीपासून पडून होती. नियर मिस रजिस्टरमध्ये त्या महिन्यात पानभर नोंदी झाल्या आणि ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी भुवया उंचावल्यावर आमच्या कारखानाप्रमुखांनी त्यांना एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला.

पाचवे सत्र रजा, घर आणि मानसिक आरोग्य यांवर होते. ते चांगले झाले, पण त्यात फार कोंबले गेले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, तर खासगी क्षेत्राला तशी सक्ती करणारा कायदा देशात नाही, आणि २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मूल वाढवण्याचे काम कोणाचे मानले जाते ते आपोआप दिसते. आमच्याकडे कंपनीच्या धोरणाने पाच दिवस मिळतात. एका तरुण सुपरवायझरने सांगितले की त्याने दोनच घेतले, कारण रजा मागताना त्याला ऐकवले गेले होते, “तुला काय टाके पडलेत का?” ते वाक्य ज्यांचे होते तेही खोलीत होते आणि त्यांनी ते नाकारले नाही. २०२२ साली देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांमध्ये सुमारे ७२ टक्के पुरुष होते, हा आकडा प्रशिक्षकांनी दाखवला आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांना मोबाइलमध्ये जतन करायला लावला. तो आता कॅन्टीनच्या हात धुण्याच्या जागेवर आणि बसच्या दारामागेही लावलेला आहे. या विषयाला एक पूर्ण सत्र हवे होते. तिघे जण काही बोलण्याच्या बेतात होते असे मला स्पष्ट जाणवले, आणि सात वाजले म्हणून बस सुटायची वेळ झाली.

सहावे सत्र पुढच्या आखणीचे होते आणि त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव अशी की कंत्राटी कामगारांचा विचार या कार्यशाळेत झालाच नाही. आमच्या लाइनवर मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथली मुले उभी असतात, त्यांतली पुष्कळशी कंत्राटदाराच्या नावावर. ज्या भाषेबद्दल आम्ही सहा शनिवार बोलत होतो तिचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्याच वाट्याला येतो, कारण कायम कामगाराच्या पाठीशी युनियन असते आणि यांच्या पाठीशी कोणी नसते. कोणावर ओरडायचे आणि कोणाला ‘भाऊ, जरा बघ ना’ म्हणायचे हे आपल्याकडे आडनाव, गाव आणि बोली पाहून ठरते, हे कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जातीचा आणि प्रांताचा हा प्रश्न मी चौथ्या सत्रात विचारला तेव्हा प्रशिक्षकांनी ‘पुढे घेऊ’ असे सांगितले आणि तो पुढे आला नाही. पुरुषत्वाची चर्चा जातीला वगळून केली तर ती अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी उणीव आमच्या बाजूची आहे. कारखानाप्रमुख पहिल्या आणि शेवटच्या सत्राला आले, मधल्या चार सत्रांना आले नाहीत. ऑडिटच्या वेळी ते ठामपणे उभे राहिले हे मी वर लिहिलेच आहे आणि त्याचे मला मनापासून कौतुक आहे. पण महिनाअखेरीला माल कमी पडला की वरून येणारा फोन पूर्वीच्याच आवाजात येतो, आणि तो आवाज विभागप्रमुखाकडून सुपरवायझरकडे आणि तिथून लाइनवर, जिना उतरल्यासारखा, पायरीपायरीने खाली येतो. मधल्या पायरीवरच्या माणसाने तो स्वतःपाशी अडवावा अशी अपेक्षा कार्यशाळा करते. काही जण तो अडवतातही, आणि त्याचा ताण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. संस्थेने नोंदणी घेतानाच कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची सहाही सत्रांची हजेरी बंधनकारक करावी.

खर्चाबद्दल सगळेच विचारतात. शुल्क तुकडीनिहाय आहे, माणशी नाही. आमच्या एका प्रेसच्या वर्षभराच्या देखभालीपेक्षा ते कमी होते, आणि तीन महिन्यांनी पाठपुराव्याची एक भेट त्यातच धरलेली होती. त्या भेटीत प्रशिक्षकांनी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेण्याऐवजी रजेचे अर्ज आणि नियर मिस रजिस्टर मागवून पाहिले, आणि लाइनवर उभे राहून तासभर नुसते ऐकले, हे मला फार आवडले.

महाराष्ट्रात हे काम कालपरवा सुरू झालेले नाही, हेही नोंदवायला हवे. १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून पुरुषांना स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुढे येण्याचे आवाहन केले, २०५ जणांनी प्रतिसाद दिला, आणि त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. पुण्यात विद्या बाळ यांनी नारी समता मंचाच्या कामातून पुरुषांशी संवादाचा आग्रह सातत्याने धरला. कारखान्याचा मालक माणसाकडे कसे पाहू शकतो याचे उदाहरण तर १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत आहे, जिथे कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगवास भोगलेल्या माणसांवर राखणीची जबाबदारी सोपवली होती. प्रशिक्षण संस्थेने परदेशी उदाहरणांबरोबर ही जवळची उदाहरणेही टिपणांत घ्यावीत, असे मी त्यांना लेखी कळवले आहे, आणि ‘विषारी पुरुषत्व’ हा शब्द काढून टिपणे मुळातून मराठीत लिहावीत असेही. टिपणांचे काम सुरू केल्याचे त्यांनी कळवले.

आपल्या कारखान्यासाठी बोलावणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. प्रशिक्षकांपैकी एकाने तरी कारखान्यात काम केलेले असावे, सत्र पाळीच्या वेळेत किंवा पाळी सुटताक्षणी असावे, आणि गटात वीसपेक्षा अधिक माणसे नसावीत, कारण अठरांतही दोघे जण सहाही शनिवार एक शब्द न बोलता बसले होते. भिंतीवर लावायला प्रमाणपत्र आणि वार्षिक अहवालात छापायला छायाचित्र एवढेच हवे असेल तर एका दिवसाचे व्याख्यान स्वस्त पडेल.

आमच्याकडे दुसरी तुकडी येत्या महिन्यात सुरू होते आहे. तिच्यात कंत्राटदारांचे सहा सुपरवायझर आहेत, त्यांतले चौघे हिंदी बोलणारे, म्हणून सत्रे दोन्ही भाषांत होतील. बाकीच्या जागांसाठी नावे मागवली तेव्हा प्रेस शॉपमधून सर्वाधिक आली, आणि ती यादी तिथल्या प्रमुखांनी स्वतः हाताने लिहून दिली. मानसिक आरोग्याचे सत्र या वेळी स्वतंत्र ठेवले आहे, आणि त्या एका शनिवारी सातची बस साडेसातपर्यंत थांबेल, अशी परवानगी वाहतूक विभागाकडून घेऊन ठेवली आहे.